दवाखान्याच्या ओट्यावरची लालीबाई

लालीबाई तांडा सोडून पुसदला राहायला आली, तेव्हा पहिले सहा महिने तिला हे गाव नकोसं झालं होतं. नवरा फुलसिंग कापसाच्या जिनात चौकीदार लागला, म्हणून अठ्ठावन्न साली बिऱ्हाड इथल्या एका खोलीत आलं. तांड्यात एक हाक मारली की दहा झोपड्यांतून उत्तर यायचं. इथं सगळी दारं लावलेली. तिची आरशांची चोळी, म्हणजे कांचळी, आणि घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, बघायला बाया रस्त्यात थांबायच्या. मराठी तिला छान यायची, लहानपणी बापाबरोबर बाजार करता करता शिकली होती. पण बोलायला कोणी हवं ना!

शेजारची मथुराबाई तेवढी आपण होऊन आली. तिच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. लोकांच्या नजरा कशा असतात, ते तिला सांगावं लागलं नाही.

"पाहू दे पाहणाऱ्याले," ती म्हणाली. "तू कायले मान खाली घालतं? आपून का चोरी केली?"

एका बाजाराच्या दिवशी, डोळे आले म्हणून लालीबाई पुलाजवळच्या दवाखान्यात गेली. ओट्यावर तिच्यासारख्याच पेहरावातली एक कोवळी बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचा श्वास शिटीसारखा वाजत होता. डॉक्टरांनी विचारलं तशी ती गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, भराभर सांगत सुटली.

"मराठीत सांग, मराठीत!" कंपाउंडर नानाजी खेकसले. घाबरून तिनं पोराला छातीशी ओढलं. नानाजींनी खोकल्याच्या औषधाची बाटली भरायला घेतली.

लालीबाई उठली, त्या पोरीजवळ जाऊन बसली. पाठीवर हात ठेवून आपल्या बोलीत दोन शब्द विचारले. पोरीला रडूच फुटलं.

"डॉक्टरसाहेब, खोकला नाई हाय तो," लालीबाई म्हणाली. "पोरानं नाकात हरभऱ्याचा दाना घातला. चार दिवस झाले. हे कवाची तेच सांगून राह्यली."

डॉक्टरांनी चिमट्यानं फुगलेला दाणा काढला. पोरगं आधी किंचाळलं, मग मोकळा श्वास घेत आईच्या खांद्यावर झोपी गेलं.

"बाई, दर बाजाराला येत जाल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतो ना. मले कोण अडवते?"

तेव्हापासून ती जाऊ लागली. तांड्यातांड्यांवरून आलेल्या बाया, जे नवऱ्यासमोरही बोलायच्या नाहीत, ते दुखणं तिच्या कानात सांगायच्या. गोळी कधी घ्यायची, हे ती त्यांच्याकडून तीनदा वदवून घ्यायची आणि मगच उठू द्यायची. रस्त्यानं जाताना आता निम्म्या दुकानांतून तिला हाक यायची.

पुढे जिनातलं काम सुटलं. फुलसिंग म्हणाला, तांड्यात परत जाऊ, शेत आहे. लालीबाईनं त्याला पेरणीला खुशाल पाठवलं, स्वतः मात्र हलली नाही. पेरणी उरकून तोच पुसदला परत आला.

नानाजीही हळूहळू निवळले. तिच्यापाशी बसून गोरबोली शिकू लागले. एकदा मोठ्या ऐटीत त्यांनी तांड्यावरून आलेल्या हिरासिंग नावाच्या म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत पोटदुखीचं विचारलं. म्हाताऱ्यानं गोंधळून लालीबाईकडे पाहिलं.

"नानाजी," ती ओढणी तोंडाला लावत म्हणाली, "तुमी त्याइले इचारलं, बैल कवा व्याला?"

सगळा ओटा हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते नानाजी.