निपाणीच्या संघातला सातवा गडी

निपाणीच्या फुटबॉलवाल्यांचा संप मी मोडला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. दोन गोड शब्द पुरले. पुढे घाटाचं आणि खाण्याचं कौतुक येईल, पण ते हे लक्षात ठेवूनच वाचावं.

लढाईचे दिवस होते. साताऱ्याहून कोल्हापूर आणि तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं निपाणी. हे गाव डोळ्यांआधी नाकाला कळतं. तंबाखूच्या वखारी सुरू झाल्या आणि सबंध मोटार शिंकू लागली. मला एका वखारवाल्या शेठजींनी फुटबॉलचा सामना बघायला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा साताऱ्याला माझ्या हाताखाली शिकत होता. शेठजींनी फुटबॉलचा संघ पगारी ठेवला होता. गडी सकाळी वखारीत पोती उचलत, दुपारनंतर सराव करत. संघ बेळगावच्या शिल्डच्या अंतिम सामन्यात पोचला होता.

दुपारी संघाचा कप्तान दत्तू मला गोलकीपर शिवाप्पाच्या घरी जेवायला घेऊन गेला. आधीच्या सामन्यात अनवाणी शिवाप्पाचा पाय समोरच्याच्या बुटाखाली सापडून मोडला होता. शेठजींनी लगेच त्याला वखारीतून काढलं. खेळत नाही तो कशाला पोसायचा, असा त्यांचा हिशेब.

"आमचं मागणं येकच," दत्तू म्हणाला. "पाय जुळंस्तवर त्याला बसून करायचं काम द्या. न्हायतर आमी मैदानात उतरत न्हाय. सात गडी झाल्याबिगर मॅच सुरू हुईत न्हाय, आन् शेठकडं घरचं सहाच हायती. शिल्डपायी शेवटच्या घटकेला नमतोय बघा. मास्तर, तुमी आमच्याकडचं न्हवं?"

"अर्थात," मी म्हणालो आणि श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलू लागलो. बोलता बोलता तीन भाकरी संपवल्या.

"मास्तर," शिवाप्पानं विचारलं, "मिरचीचा खर्डा आत्ता वाढू, का भाषण झाल्यावर?"

"खाऊ द्या की त्यास्नी," त्याची बायको म्हणाली. "घ्या अण्णा. आजून तरी घरात पीठ हाय."

दुसऱ्या दिवशी बेळगावला निघालो. भांडण असलं तरी मोटार एकच होती. तवंदीच्या घाटात ती दमली. शेठजींचे कारकून आणि संपावरचे गडी मिळून ढकलू लागले. चाकामागे दगड लावायचं काम मी मागून घेतलं आणि दगड चाकापुढे लावला. खाली तंबाखूची रानं पसरली होती; लोक मोटार ढकलत होते आणि मी रानं बघत होतो. बेळगावात खडेबाजारात मांडे खाल्ले. रुमालासारख्या घडीची ही गोड पोळी इतकी नाजूक, की मी मिशीलाच निम्मी खाऊ घातली.

मैदानावर दत्तू आणि बाकीचे गडी कडेला ओळीनं बसले. शेठजींकडे पुतण्या, चार कारकून आणि मोटारवाला, असे सहाच. पंचांनी घड्याळ पाहिलं. शेठजी दत्तूकडे दोन पावलं गेले, आणि वाटेत त्यांना मी दिसलो.

"मास्तर, मुलगा सांगत होता, कॉलेजात तुमच्यासारखा गोलकीपर नव्हता."

हे मुलाला सांगणारा मीच. कॉलेजात मी दोन सामने खेळलो होतो. त्यातला एक पावसानं बंद पडला.

"मास्तर, नगा जाऊ," दत्तू हळूच म्हणाला.

मी गेलो. शिवाप्पाची गंजी छातीपर्यंत उतरली आणि पोटाशी अडली.

गोल किती झाले ते विचारू नका. सातव्यानंतर समोरच्या लष्करी पलटणीच्या संघातला गडी मला सांगून चेंडू मारू लागला. "अवो मास्तर, चेंडू मागं गेलाय, जाळीत," लोक ओरडत होते. शिल्ड गेली, पण शेठजी खूश होते. "तुमच्यावाचून अडलं का?" त्यांनी कडेच्या ओळीला विचारलं. गडी मान खाली घालून उठले. पोटासाठी दुसऱ्या दिवसापासून ते वखारीत जाऊ लागले. शिवाप्पा घरीच राहिला.

परतीला निपाणी टाळून मी मिरजेवरून आगगाडीनं साताऱ्याला आलो. मित्रांना घाट सांगितला, मांडे सांगितले. स्वतःला गाळून प्रवास सांगणं किती सोपं असतं, हे तेव्हा कळलं. मग जेवताना भाकरी समोर आली की शिवाप्पाच्या घरचं पीठ आठवे आणि मी भात मागू लागलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणी गाठली. शिवाप्पाचा पाय वाकडा जुळला होता. बायकोबरोबर तो विड्या वळत होता.

"शिवाप्पा, मनुष्याचा स्वभाव असा आहे की..." मी सुरुवात केली.

"मास्तर, ह्ये घरात सांगून काय हुतंय? वखारीच्या फाटकात सांगा. शेठ बी आसतोय तितं."

तो माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. फाटकात शेठजी उभे होते. दत्तूनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं, बाकीचेही थांबले. मी फाटकातच खाली बसलो आणि बसूनच बोललो.

"शेठजी, याचा पाय तुमच्या खेळात मोडला. याला बसून करायचं काम मिळेपर्यंत मी इथून उठत नाही. दत्तू, तू नको म्हणालास तरी मी गेलो. मला मोठेपणा हवा होता. शिवाप्पा, तुझ्या घरची भाकरी खाऊन मी तुझ्याच जागी तुझ्याविरुद्ध उभा राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."