आई, तुम्ही जरा बाहेर बसा

मुलगी चौदा वर्षांची, तिला काहीही झालेलं नव्हतं, आणि मी तिला डॉक्टरकडे नेणार होते. एवढ्यावरून निघोज्यातल्या आमच्या घरात रणकंदन माजलं.

"धडधाकट तरण्या पोरीला दवाखान्यात न्हेत्यात व्हय? लोकं काय म्हनतील?" सासूबाई म्हणाल्या. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच तोडगा काढला. "मग तळेगावला जावा. दोघी तोंडाला स्कार्फ बांधा."

मी चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम करते. तिथे नीट चालणारं मशीनसुद्धा ठरल्या दिवशी थांबवून, उघडून तपासतात, त्याच्या अब्रूची काळजी कोणी करत नाही. माझी पोर काय मशीनपेक्षा स्वस्त आहे? दोन्ही स्कार्फ स्कूटरच्या डिकीत टाकले आणि हट्टाने गावाजवळच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

दवाखान्यात शेजारच्या काकू भेटल्याच. "काय झालं गं हिला?"

"काही नाही. म्हणूनच आणलंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मुलगी लाजून चूर झाली.

डॉक्टरीणबाईंनी वजन-उंची घेतली, पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला लिहून दिलं, राहिलेली लस टोचली. मग म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा. या वयाच्या प्रत्येक मुलीशी मी थोडा वेळ एकटीशी बोलते."

माझं डोकंच फिरलं. जिच्यासाठी घरादाराशी भांडले, तिच्यापासून मलाच बाहेर काढता? "ती माझ्यापासून काही लपवत नाही," मी म्हणाले.

"आई, जा ना," मुलगी म्हणाली.

बाहेर काकू टक लावून बघत होत्या. मला रडू येत होतं, रागाचं. आणि त्या बाकावर मला माझं चौदावं वर्ष आठवलं. माझी पाळी तेव्हा दहा-दहा दिवस चालायची, भोवळ यायची. आईने डॉक्टरकडे नेलंही होतं. पण ती शेजारीच बसलेली, म्हणून मी फक्त डोकं दुखतं एवढंच सांगितलं. डोकेदुखीची गोळी घेऊन आम्ही घरी आलो.

परतताना गाडीवर न राहवून विचारलंच, "काय बोललात गं?"

"आमचं आमचं," ती मागून म्हणाली.

सासूबाई दारातच उभ्या. "काय म्हनली डाक्टरीण?"

"तिला विचारा," मी म्हणाले. "नाही सांगितलं, तर गप्प बसायचं. मीपण बसलेय."