भावजींचा आराम

सात मार्च. चिंच फोडायला बसले होते. चिंचेत हात बरबटलेले असले की घरातल्यांना नेमकी माझी आठवण येते. माझे धाकटे दीर भालकीहून आले, उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "वैनी, मिलीनं माझी भरपाई निम्मी केली."

भावजी भालकीच्या डाळ मिलमध्ये कामाला होते. दिवाळीनंतर तिथल्या मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा पंजा सापडला. दोन बोटे गेली, उरलेली मिटत नाहीत. हात कामाचा होईपर्यंत मिलने भरपाई द्यायची, असे ठरले होते. घर त्यावरच चालत होते. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, लोकांच्या रानात मजुरीला जायची, पण सुगी संपली की तेही काम बंद.

"कामून निम्मी केली?"

"मी बरा झालो म्हणं."

"कोण म्हणालं?"

ते थोडा वेळ चिंचोके चाळवत बसले. "मीच म्हणालो असंन."

मग हळूहळू उलगडले. मिलने डॉक्टर पाठवला होता, कन्नड बोलणारा. त्याने विचारले, "आराम अदीरी?" म्हणजे, बरे आहात ना? आमच्या भागात हे बसस्टँडवर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, दवाखान्याच्या खाटेवरही विचारतात, आणि उत्तर ठरलेले असते. भावजी म्हणाले, "आरामच हाय की साहेब." त्यांच्या मनात मराठीतला आराम होता, घरी पडून आहे, दुसरे काय करणार. डॉक्टरने कन्नडमधला लिहून घेतला.

"दुखायलंय म्हणायला काय झालं होतं?"

"माणूस आपुलकीनं इचारायलाय वैनी. त्याला रडगाणं कसं ऐकवायचं?"

बचत गटाच्या कामामुळे बीदरच्या कचेऱ्यांचे जिने मला पाठ आहेत, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले. कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार दिली, तारीख मिळाली. तोवर मी भावजींची तालीम घेतली. मी साहेब व्हायचे आणि विचारायचे, "आराम अदीरी?" ते "आराम" म्हणायचे आणि मग जीभ चावायचे. जाऊ चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "अक्का, उगी कष्ट घ्यायलाव. ह्यांना इंचू चावला तवा बी दारातल्या पावण्याला आराम म्हणाले."

तारखेला आम्ही बीदरला गेलो. मिलचा मॅनेजर आधीच येऊन बसला होता. अधिकाऱ्याने गळ्याला मफलर गुंडाळला होता. त्याने भावजींकडे पाहिले, हसला आणि विचारले, "आराम अदीरी?"

"आराम, साहेब," भावजी म्हणाले.

मॅनेजरने माझ्याकडे बघून हात पसरले. माझ्या सगळ्या तालमीवर पाणी पडले होते. मी अधिकाऱ्यालाच विचारले, "साहेब, तुमी आराम अदीरी?"

"आराम, आराम," तो म्हणाला. घसा इतका बसला होता की दुसरा आराम नुसता वाराच आला.

"मग हे बी लिहून घ्या," मी म्हणाले.

अधिकाऱ्याने मफलर सारखा केला. मग त्याने टेबलावरचा पेन भावजींपुढे केला आणि उचलायला सांगितले. भावजींनी सवयीने डावा हात पुढे केला. "तो नाही," अधिकारी म्हणाला. उजव्या हाताने पेन नुसता टेबलभर सरकत राहिला. शेवटी त्यांनी पेन डाव्या हाताने उचलून अदबीने परत दिला.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. माझी समजूत काढायला म्हणाला, "अक्का, तुमच्या दिरावर राग न्हाई. मिलीवर वज्जं झालं म्हणून आमी समद्याच जखमी लोकांचं निम्मं केलंय."

"जरा मोठ्यानं सांगा," मी म्हणाले, "साहेबांना ऐकू आलं नसंल."

साहेबांचा घसा बसला होता, कान नव्हे. सरकारी डॉक्टर हात तपासून सांगेपर्यंत पूर्ण भरपाई चालू ठेवा, असे त्याने मॅनेजरला सुनावले. बाकीच्यांचे काय, असे मी विचारले तर म्हणाला, "ज्याचं त्यानं समोर यायला पाहिजे. तुमच्या तोंडी सांगण्यावर मला काही करता येत नाही."

परतीच्या बसमध्ये भावजी माझ्या शेजारी बसले. भालकी जवळ आल्यावर म्हणाले, "वैनी, साहेबाला हळदीचं दूध घ्या म्हणून सांगायला पाहिजे होतं."

घरी आल्यावर मी त्यांच्याकडून मिलमधल्या बाकीच्या जखमींची गावे काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी उरकून निघाले आणि हुमनाबादला बस बदलून मन्नाएखेळ्ळीला उतरले. तिथे पोत्यांची थप्पी कोसळून पाय मोडलेली एक बाई राहते. तिला बीदरपर्यंत न्यायला आधी एक रिक्षा ठरवली, मग तिच्या दारात जाऊन हाक मारली.