बाभळीला बोट समजणारं मशीन

मला साडेनऊ बोटं आहेत. जे अर्धं गेलं, त्याच्या माझ्याकडे सात गोष्टी आहेत. शेतकरी गिऱ्हाईक असेल तर शहागडच्या पुलाखाली गोदावरीतल्या मगरीनं नेलं. नवरदेवाकडचे लोक पलंगाची ऑर्डर द्यायला आले तर वरातीतल्या तलवारीनं नेलं. तालुक्याच्या ऑफिसातला साहेब आला तर बिबट्यानं नेलं, आणि तो बिबट्या अजून जिवंत आहे. सातवी गोष्ट सोयऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे, कारण ती दीड तास चालते आणि मध्ये दोनदा चहा लागतो.

माझ्या बायकोनं ह्या सातही गोष्टी ऐकल्या, आणि ऐकून एवढंच म्हणाली, "गोष्टी सात असल्या तरी बोट कटरवरच गेलंय. मी त्या मशीनवर काम करायचं तर ते बोट वाचवणारं मशीन आणा. न्हाईतर तुमचं तुम्ही बघा."

अंबडला आमचं सुतारकामाचं पत्र्याचं शेड आहे. चौकटी, खिडक्या, पलंग, आणि शेतीची लाकडी अवजारं. बायको फळ्या कापण्यात माझ्यापेक्षा सरस. तिची रेघ सरळ जाते, माझी थोडी गप्पा मारत जाते. तिला गमावणं परवडणारं नव्हतं. मेहुण्यानं पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातून ते परदेशी कटर मशीन मिळवून दिलं, वर ब्रेकच्या चार डब्या.

मशीनची करामत अशी. पात्यातून अगदी बारीक करंट खेळत असतो. माणसाचं बोट पात्याला लागलं की तो करंट बदलतो, मशीनला कळतं, आणि खालच्या ब्रेकच्या डबीतून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा उसळून थेट पात्याच्या दातांत घुसतो. पातं जागच्या जागी थांबतं आणि टेबलाखाली गडप होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. विकणाऱ्यानं दाखवलेल्या व्हिडिओत माणसाच्या बोटाला फक्त ओरखडा येतो. डबी मात्र एकदाच चालते. एकदा उडाली की डबी गेली, पातंही गेलं.

आता मेख ऐका. त्या मशीनला बोट आणि ओलं लाकूड ह्यांतला फरक कळत नाही. दोन्हींत पाणी. आणि आमच्याकडं तिफणीला, वखराला बाभूळ लागते, ती बाभूळ आम्ही हौदात बुडवून ठेवतो, दोन-दोन, तीन-तीन महिने. म्हणजे कीड लागत नाही. बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. ते मशीन ज्या देशात बनलं, तिथं कुणी लाकडाला हौदात पोहायला घालत असेल असं मला वाटत नाही.

पहिली डबी पहिल्याच आठवड्यात उडाली. भिजलेल्या बाभळीचा तुकडा लावला आणि असा आवाज झाला की अंबडमधली सगळी कबुतरं उडाली ती तीन दिवस डोंगरावरच्या देवीच्या देवळात जाऊन बसली. मी दोन्ही हात वर करून शेडच्या बाहेर. समोरच्या हॉटेलातले चाचा चहाची किटली घेऊन तसेच धावत आले.

"क्या मिस्त्री, डीपी उडाली का?"

"न्हाई चाचा, मशीननं बाभळीचा जीव वाचवला."

दुसरी डबी जुन्या सागवानातल्या खिळ्यानं घालवली, लोखंडातही करंट खेळतोच; तिसरी ओल्या कडुनिंबानं. तीन वेळा ब्रेक उडाला, तिन्ही वेळा खोटा. आणि ह्यात काळजीची गोष्ट अशी की खऱ्या बोटाला तो खरंच वाचवतो का, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. ते पाहायचं तर बोट घालावं लागतं. चाचा म्हणायचे, "पहले तू डाल. तुझं तर आधीच अर्धं गेलंय, उरलेलं टेस्टिंगला चालतंय."

चौथी डबी शेवटची. नवीन मागवली होती, पण ती कुठल्या समुद्रात कुठल्या जहाजावर होती देव जाणे. त्या दिवसापासून मशीन सुरू करायच्या आधी माझी तपासणी सुरू. फळी ओली आहे का म्हणून गालाला लावून बघायचो, खिळा आहे का म्हणून लोहचुंबक फिरवायचो. बायकोचं उलटं. ब्रेक आहे म्हटल्यावर तिची भीड चेपली. फळी पुढं ढकलायला आम्ही एक खाच पाडलेली काठी वापरायचो, म्हणजे हात पात्याजवळ जात नाही. ती काठी तिनं खुंटीला टांगली ती टांगलीच. "ब्रेक कशासाठी घेतलाय मंग?" म्हणायची, आणि दोन बोटं रुंदीची पट्टीसुद्धा हातानंच ढकलायची. मी बघायचो आणि माझ्या त्या अर्ध्या बोटाला मुंग्या यायच्या.

मशीनला मागच्या बाजूला एक पिवळी चावी आहे. ती फिरवून काढून घेतली की ब्रेक झोपतो. मशीन चालतं, पण साध्या कटरसारखं. ओलं लाकूड कापायचं तर तशी सोय. ब्रेक झोपलेला असला की एक लाल दिवा लागतो. बायकोनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "ती चावी कधी फिरवायची न्हाई. बाभूळ हाताच्या करवतीनं कापू."

त्या सोमवारी ती बाजाराला गेल्ती. एका शेतकऱ्याच्या तिफणीचं काम अडलेलं. हौदातून बाभूळ काढली, हातकरवतीकडं पाहिलं, माझ्या दंडाकडं पाहिलं, आणि चावी फिरवली. चावी खिशात टाकली. लाल दिवा डोळ्यांत खुपत होता म्हणून त्यावर काळी टेप चिकटवली. खरं तर डोळ्यांत खुपत नव्हता. ती अचानक परत आली तर दिसू नये म्हणून चिकटवली. बाभूळ लोण्यासारखी कापली गेली. तेवढ्यात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, त्याला मी मगरीची गोष्ट सांगितली, आणि संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मला परतूरला जायचं होतं. तिथल्या बुद्ध विहाराच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती. सकाळी निघताना बायको मशीनपाशी पट्ट्यांचा ढीग लावत होती. तिनं सहज विचारलं, "ब्रेक चालूय ना?"

मी म्हणालो, "चालूय म्हणजे? यम आला तर त्यालापण धक्का मारून परत पाठवील!"

तेव्हा मी विसरलो होतो की खोटं बोललो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. विसरलोच असेन. पण जीभ माझी आहे, तिच्यावर माझाही फार भरवसा नाही.

एसटीत मागच्या सीटवर बसलो. कंडक्टर बाई पुढून तिकीट फाडत फाडत माझ्यापर्यंत आल्या, तोवर अंबड सोडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी सुट्ट्या पैशांसाठी खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. दोन नाणी, एक पेन्सिलीचा तुकडा आणि पिवळी चावी.

आजवर मी भीतीची खूप वर्णनं केली आहेत. बिबट्याच्या गोष्टीत माझे केस उभे राहतात ते टोपी उचलतात. खऱ्या भीतीत तसलं काही झालं नाही. फक्त तळहात थंड पडला आणि कंडक्टर बाई काय बोलतायत ते ऐकू येईना.

बायकोला फोन लावला. वाजत राहिला. भुसा जातो म्हणून ती फोन पत्र्याच्या डब्यात ठेवते, आणि मशीन सुरू असलं की डब्यात ढोल वाजला तरी कळणार नाही. पाच वेळा लावला. मग चाचांना लावला.

"चाचा, जल्दी शेडवर जा. मशीन बंद करा. ब्रेक बंद आहे, तिला माहीत न्हाई."

पलीकडून हसू. "अब क्या, फिर बिबट्या?"

झालं होतं असं की मागच्या वर्षी मी ह्याच चाचांना फोन करून सांगितलं होतं की शेडमध्ये बिबट्या शिरलाय. चाचा काठी घेऊन आले, मागं पंचवीस माणसं आली. माझा हिशेब असा होता की पंचवीस माणसं आली की त्यांतल्या दोघा-तिघांना तरी पलंग लागेल. लागलाही.

"चाचा, खरंच सांगतोय."

"तू तवाबी खरंच सांगत होतास. गिऱ्हाईक आहे माझ्याकडं, ठेव."

"चाचा, ठेवू नका." माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही. "मी काल चावी काढून घेतली. बाभूळ कापायला. लावायची राहिली. लाल दिव्यावर टेप लावली, तिला दिसू नये म्हणून. सकाळी तिनं विचारलं तर चालू आहे म्हणालो. ती काठी न घेता पट्ट्या कापून राहिलीय. चावी माझ्या हातात आहे."

आख्खी एसटी माझ्याकडं बघत होती. पुढच्या सीटवरच्या बाईनं मांडीवरच्या पोराचं तोंड दाबलं होतं.

"मिस्त्री," चाचा हळू म्हणाले, "तू इतकं सीधं कभी बोलत न्हाईस."

"हाक मारू नका तिला. हाक मारली की ती मान वळवील. बाहेरच्या भिंतीवर मेन स्विच आहे, फक्त तो पाडा."

चाचांनी फोन तसाच ओट्यावर टाकला असावा. मला स्टोव्हचा फरफराट ऐकू येत होता. आणि त्याच्या मागं, दूर, माझं मशीन. पातं लाकडात शिरलं की आवाज जाड होतो, बाहेर आलं की बारीक होतो. जाड. बारीक. जाड. हजारो वेळा ऐकलेला तो आवाज मी कान फोनला दाबून ऐकत होतो. मग जाड असतानाच तो उतरत गेला, उतरत गेला, आणि थांबला.

स्विच पाडला म्हणूनही थांबला असेल. दुसऱ्या कशानंही थांबला असेल. फोनवर कुणी आलं नाही. स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मग लाईन कट झाली आणि नंतर मी लावत राहिलो ते कुणी उचलेना.

कंडक्टर बाईंनी मला न विचारताच घंटी मारली. "उतरा भाऊ. तिकीट राहू द्या." घनसावंगीच्या अलीकडं, भर रस्त्यात. उलट्या दिशेनं मोसंबी भरलेला एक टेम्पो आला, त्याच्यापुढं मी असा उभा राहिलो की त्याला थांबण्यावाचून इलाज नव्हता. क्रेटवर बसून आलो. एरवी त्या प्रवासाची मी तीन प्रकरणं केली असती. मला फक्त एवढं आठवतं की मी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं मोजत होतो आणि ती तिची समजत होतो.

शेडसमोर गर्दी नव्हती. गर्दी नाही म्हणून बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, दवाखान्यात नेलं म्हणून नसेल. आत गेलो. बायको हौदाच्या काठावर बसली होती. दोन्ही हात पदराखाली. चाचा बाजूला स्टुलावर, खाली मान घालून, अपराध जणू त्यांनीच केलाय.

"हात दाखव," मी म्हणालो.

तिनं दाखवले नाहीत. मशीनकडं मान हलवली.

मशीनवर एक पट्टी तशीच अडकलेली होती. अर्धी कापलेली, दोन बोटं रुंदीची, पातं मध्ये रुतलेलं. पट्टीवर भुशात अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी वाकून पाहिलं. ठशापासून दातांपर्यंतचं अंतर एका बिडीएवढंसुद्धा नव्हतं. ह्यात मी काही वाढवलेलं नाही, कमीही केलेलं नाही. दिव्यावरची काळी टेप उपटून तिनं टेबलावर ठेवली होती.

मग तिनं पदर बाजूला केला. दहा. दहाच्या दहा, भुशानं माखलेली.

चाचा उठले. "मैं चाय भेजता," म्हणाले, आणि गेले.

मी चावी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. शिव्या दिल्या असत्या तर मला मोकळं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "बोट कसं गेलं ते आज सांगा. ती सातांतली नको."

सांगितलं. लग्नाच्या आधीची गोष्ट. जुनं कटर सुरू होतं, फळी अर्ध्यात होती, आणि एका गिऱ्हाइकानं दारातून हाक मारली. मी मान वळवली. त्याला मी आदल्या दिवशी गोदावरीत धरलेल्या माशाची गोष्ट सांगायला लागलो. मासा किती मोठा ते दाखवायला डावा हात लांब केला. पातं तिथंच होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

ती माझ्या त्या बोटाकडं बघत राहिली. "आणि मासा केवढा होता?"

"मासा नव्हताच," मी म्हणालो.

ती हसली नाही. उठली, खुंटीवरची काठी काढली, भुसा झटकला आणि मशीनवर ठेवली. त्या दिवशी पुन्हा मशीन लागलं नाही. उरलेली बाभूळ आम्ही हातकरवतीनं कापली, एका टोकाला ती, एका टोकाला मी, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. हे सांगून कुणाचा विश्वास बसत नाही, पण चाचा साक्षीला आहेत.

पुढं महिन्याभरात चौथी डबीही उडालीच, चौकटीतल्या एका मोडक्या खिळ्यानं, चुंबक फिरवूनसुद्धा. तोच आवाज, तीच कबुतरं. पण आता आमची एक रीत ठरलेली आहे. आवाज झाला की पात्याकडं कुणी बघत नाही. आधी दोघंही हात वर करतो, एकमेकांना दाखवतो, आणि ती मोठ्यानं मोजते. साडेएकोणीस भरले की मग मी त्या मशीनला शिव्या घालायला मोकळा.