पाठीवरची टकटक

धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर तेलाच्या गिरणीतला एक म्हातारा हमाल होता. त्याच्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. आडवा झाला की श्वास कोंडायचा, म्हणून तो बसूनच झोपायचा.

जन्मभर तेलाची पिंपं बोटानं वाजवून त्यानं आत किती भरलंय ते सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्याची पाठ तशीच वाजवली, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी सदरा वर करून माझ्याकडे वळायचा. “भाऊ, वाजाड.” मी वरून खाली टकटक करत यायचो. पोकळ आवाज बद्द झाला की तो थांबवायचा; तिथवर पाणी. मला त्या बद्द आवाजाची धास्तीच बसली होती.

एके सकाळी तो आवाज वर खांद्याच्या हाडापाशीच लागला. मी म्हणालो, “कालच्याएवढंच आहे.”

“कान मना शेत, भाऊ,” त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावलं. “काल खाले व्हतं, आज आठे उनं.”

मग त्यानं माझ्या वडिलांकडे पाहिलं. दोन दिवसांपासून तेही उशीला टेकून बसूनच झोपत होते.

“आते आबानी पाठ वाजाडी दख.”

वडिलांनी माझ्याकडे पाठ केली. माझं बोट काही उचलेना.