हाताला कळतं म्हणणाऱ्या बाई

बिराजदार बाई माती चाळताना मातीकडे बघत नसत. ढेकूळ उचलायचं, बोटांनी चुरायचं, बाजूला टाकायचं. नजर मात्र समोरच्या माणसावर. शाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. एकदा सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावून त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर माती ठेवली आणि काळी कुठली, मुरमाड कुठली ते विचारलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढलो तो त्यांच्यामुळे. सोलापुरात माझ्या राहण्याची सोयही त्यांनीच लावून दिली होती.

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना मेटल डिटेक्टर आणून दिला. शेतात कुणाचं डोरलं पडलं, जोडवं हरवलं की लोक बाईंना फोन करत. चहाशिवाय त्या काही घेत नसत. मीही सुट्टीला त्यांच्याबरोबर जाऊ लागलो आणि स्वतःचं यंत्र घेतलं. सोबत पिनपॉइंटर घ्यावा, असं मनात होतं. तो गाजराएवढा असतो. खड्ड्यात धरला की वस्तूजवळ थरथरतो. घेऊ का, म्हणून बाईंना विचारलं.

"नवशिक्याला कशाला रे तो? यंत्र जागा सांगतं. वस्तू हाताला कळते की."

मी तरीही घेतला. त्यावर म्हणाल्या, "आता घास भरवायलाही एक बाई ठेव, दत्ता."

मग दुधनीजवळून एका शेतकऱ्याचा फोन आला. तुरीच्या रानात खुरपताना त्याच्या आईच्या गळ्यातला दोरा तुटला होता आणि लिंगायत गळ्यात घालतात त्या इष्टलिंगाची चांदीची डबी पडली होती. म्हातारी जुन्या वळणाची. गळ्यात लिंग नाही तोवर अन्न नाही, पाणी नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती बांधावर कलंडली होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. मुलगा हात जोडून म्हणाला, "कालपास्नं थेंब बी घेतला न्हाई. डॉक्टर आणला, तर त्याला बी हात लावू दिला न्हाई."

बाई स्वतः लिंगायत. त्यांनी तिला एकदाही पाणी पी म्हटलं नाही. यंत्र फिरवायला घेतलं. आधी तारेचा तुकडा निघाला, मग गंजलेला खिळा. नंतर एका सरीत स्पष्ट आवाज आला. मी पिनपॉइंटर काढला, तसा बाईंनी तो हातानेच मागे सारला. ओल्या, चिकट मातीची ढेकळं त्या उचलून चुरू लागल्या. नजर म्हातारीवर, तोंडाने कानडीत धीर देणं चालू.

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. चुरलेल्या ढेकळातून लाल दोऱ्याचं टोक लोंबलं. चांदीची कड चमकली. डबी त्यांच्या चिमटीत होती. आणि बाईंनी ती मातीसकट बाजूच्या ढिगावर टाकली, दुसरं ढेकूळ उचललं.

मी ढिगात हात घातला, डबी काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी खाली पाहिलं.

"माझ्या हातात आली होती?"

"हो, बाई."

"सिक्तेनव्वा?" म्हातारीने क्षीण आवाजात विचारलं. सापडलं का? बाईंनी पुढे होऊन डबी तिच्या ओंजळीत दिली. सुनेने पाणी आणलं. म्हातारीने आधी लिंग धुतलं, कपाळाला लावलं, मग स्वतः घोट घेतला. मुलगा बांधावरच बसून रडला.

परतताना अक्कलकोटजवळ बाईंनी बोटं माझ्यापुढे धरली. टोकांवर भाजल्याचे काळे डाग होते. "शुगर. बोटं बधिर झालीत. परवा तव्याला बोट चिकटलं होतं. मला वासाने कळलं." माझा विश्वास बसेना. ज्या हातांनी आम्हाला माती ओळखायला शिकवली, ते हात कधीच गेले होते, आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

घराच्या दारात उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "तो तुझा पिनपॉइंटर दे."

मी दिला.

"नवशिक्याला नकोच तो. माझं मत बदललेलं नाही. मला लागेल."

पुढे काही वर्षांनी बाई वारल्या. अजूनही कुणी नवं यंत्र घेऊन माझ्याकडे येतं आणि पिनपॉइंटर घेऊ का, असं विचारतं. मी त्याला आधी डोळे मिटायला सांगतो आणि त्याच्या हातावर मातीचं एक ढेकूळ ठेवतो.