रव्याएवढ्या कवचांचे सर

जगातली सगळी निराशा एका माणसात मावू शकते, हे मला आमच्या सूक्ष्मजीवाश्मांच्या सरांमुळे कळलं. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात ते बी.एस्सी.च्या पोरांना लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांची रव्याएवढी कवचं सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला शिकवत, आणि आम्ही काही ती ओळखत नसू. दर दिवाळीच्या सुट्टीत ते कच्छहून पिशव्या भरभरून माती आणत, घरच्या मोरीत धूत, आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या तबकडीत ठेवत. "लोकांचे नवरे कच्छहून बांधणी आणतात हो," त्यांच्या बायकोने आम्हाला चहा देता देता सांगितलं होतं, "आमच्याकडे चिखल येतो." कवचं उडू नयेत म्हणून प्रयोगशाळेतला पंखा कायम बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही निथळत बसायचो, बोलायचं ते कुजबुजत, आणि शिंक आली की व्हरांड्यात पळायचं.

मी म्हणजे त्या काळातलं एक थोर प्रकरण. कपाळावर बटा, पहिला बाक आणि आपल्याला सगळं येतं हा भ्रम. "आजी, तू तेव्हाही एवढी आगाऊ होतीस?" असं नात विचारते. होते की! एकदा सूक्ष्मदर्शकात बघत तासभर खपून मी लांब, बाकदार काट्याच्या एका कवचाचं चित्र काढलं, छायाबिया देऊन. सरांनी आधी चित्र पाहिलं, मग मला.

"हा काटा कुठला?"

"कच्छचा, सर."

"नाही गं बाई. तुझ्या पापणीचा केस आहे तो. काजळासकट काढलायस." मग कपाळाला हात लावून भिंतीला म्हणाले, "वाट लागली माझी."

त्याच वर्षी प्राचार्यांनी ठरवलं, पोरांना काही येत असेल तर विषय ठेवू, नाहीतर खोली कॉम्प्युटरला देऊ. ते स्वतः आम्हाला विचारायला येणार होते. सरांनी जन्मभराची निवडक कवचं उघड्या तबकड्यांत मांडली. प्राचार्य आले, "बाप रे, काय उकडतंय!" म्हणाले, आणि त्यांनी दाराजवळचं बटण दाबलं.

पंखा गरगरला आणि तबकड्या रिकाम्या झाल्या. सर स्टुलावर बसले. प्राचार्य "सॉरी हं" म्हणत निघून गेले; आम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

मग आम्ही सगळे कुंचले घेऊन जमिनीवर. धूळ कागदावर गोळा करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची.

"अरे, हा वेफरचा चुरा आहे!"

"मग खा ना, यार!"

खडूची भुकटी, केस, आणि मधेच मी किंचाळले, "सर, हे वेटोळं! कडेला मोडलेलं, आपलंच!" सर वाकले. "बरोबर," म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच. संध्याकाळपर्यंत पोरं ती कवचं लग्नातल्या नातेवाइकांसारखी ओळखायला लागली. सर धावत खाली गेले. प्राचार्य घरी गेले होते.

जूनमध्ये त्या खोलीत कॉम्प्युटर आले. त्यांना तर एसीच लागला. सर निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाला दगड शिकवत राहिले, मुठीएवढे, कुणालाही दिसतील असे. त्या दिवसांत एकदा स्टेशनबाहेर भेटले. "सर, कसं चाललंय?" मी विचारलं.

"सगळ्यांना सगळं ओळखता येतं गं," ते म्हणाले. इतकं उदास मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.